बाबा गेटपाशीच का बसतात?

या आठवड्यातले पत्र ठाण्याहून आले आहे. लिहिणाऱ्या ताई ४२ वर्षांच्या असून एका संगणक कंपनीत जबाबदारीच्या पदावर आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांनी घोडबंदर रस्त्यावरच्या एका टॉवरमध्ये घर घेतले आणि लालबागच्या चाळीतून आईवडिलांना आपल्याकडे राहायला आणले. वडील ७३ वर्षांचे आहेत. १९७१ साली ते गिरणीत बदली कामगार म्हणून लागले, पुढे साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, कायम झाले, आणि संपात नोकरी गेल्यावर फोर्टातल्या एका इमारतीत त्यांनी १४ वर्षे वॉचमनची नोकरी केली. पत्र बरेच मोठे आहे. त्यातला गाभ्याचा भाग ताईंच्याच शब्दांत देते.

“आमच्या सोसायटीत उत्तम क्लबहाउस आहे, ज्येष्ठांसाठी कॅरम आहे, पत्त्यांचे टेबल आहे, बागेत बाक आहेत. तरीही बाबा रोज संध्याकाळी गेटवरच्या केबिनपाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर वॉचमन लोकांबरोबर बसतात. घरातले चांगले कप खाली नेऊन त्यांना चहा देतात. मी आग्रह करून त्यांना ज्येष्ठांच्या ग्रुपमध्ये पाठवले, तर दोन दिवस गेले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा गेटवर. गेल्या महिन्यात कमिटीने नोटीस लावली की, रहिवाशांनी सुरक्षा कर्मचाऱ्यांशी गप्पा मारत बसू नये आणि घरकामगारांनी बागेतले बाक वापरू नयेत. पहिले वाक्य कोणासाठी आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लिफ्टमध्ये एका बाईंनी मला हसत विचारले, ‘काका आधी सिक्युरिटीत होते का?’ मी म्हटले, ‘नाही, टेक्स्टाइलमध्ये होते.’ त्या रात्री मला झोप लागली नाही. बाबांना क्लबहाउसची सवय कशी लावावी? आणि मला वाटते ती लाज चुकीची आहे का?”

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण पहिला प्रश्न त्याच्याच पोटातून आला आहे. लाज वाटली म्हणून तुम्ही वाईट मुलगी ठरत नाही. लिफ्टमधल्या त्या प्रश्नाला सरळ उत्तर दिले असते, तर पुढच्या महिन्यापासून आपल्याकडे, आपल्या मुलांकडे, आपण ठेवलेल्या पूजेच्या आमंत्रणाकडे कोण कसे पाहील, याचा हिशेब तुमच्या मनाने क्षणात केला. तो हिशेब तुम्ही एकटीने शोधून काढलेला नाही, त्या इमारतीच्या भिंतींतच तो मुरलेला आहे. मात्र लाज वाटणे वेगळे आणि तिच्या सांगण्यावरून वडिलांची खुर्ची हलवणे वेगळे. खुर्ची हलवू नका असेच मी सांगणार आहे. तसे का सांगते, ते समजावे म्हणून थोडे मागे जाते.

निवांत वेळी माणूस कोठे बसतो, ही आवडीनिवडीची बाब आहे असे आपण धरून चालतो. एकाला बाग आवडते, दुसऱ्याला कट्टा, तिसऱ्याला क्लब. प्रत्यक्षात माणसाने आयुष्यभर कोणते काम केले, त्या कामाने त्याला किती जागा आणि किती वेळ दिला, आणि त्या कामामुळे त्याला कोठे बसू दिले गेले, यांवर ती जागा ठरलेली असते. तुमच्या वडिलांची संध्याकाळ गिरणगावात घडली. तेथे दहा बाय बाराच्या खोलीत सात-आठ माणसे राहत; गावकीच्या, म्हणजे एकाच गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या, खोल्यांत तर वीस-पंचवीस बाप्ये पाळीपाळीने निजत. सकाळी सातची पाळी, दुपारी साडेतीनची पाळी आणि रात्री बाराची पाळी, असे दिवसाचे तीन तुकडे गिरणीच्या भोंग्याने पाडलेले होते. पहिल्या पाळीचा माणूस सुटून घरी यायचा तेव्हा तिसऱ्या पाळीचा त्याच पथारीवर अजून झोपलेला असायचा. मग त्याने बसायचे कोठे? तो नाक्यावर जायचा. घरात जागाच नव्हती, म्हणून अख्ख्या गिरणगावाचा दिवाणखाना रस्त्यावर मांडलेला होता.

त्या दिवाणखान्यात पुष्कळ काही होते. तालीम होती, कबड्डीचा आखाडा होता, भजनी मंडळे होती, कोकणातल्या वाड्यांची ग्रामस्थ मंडळे होती, लालबागला भारतमाता सिनेमा होता आणि परळला दामोदर हॉल होता, जेथे कामगार दिवसभर साच्यांवर राबून रात्री तोंडाला रंग लावून उभे राहत. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांचे आवाज याच वस्तीने वाढवले. या सगळ्यासाठी कोणाला सभासदत्व घ्यावे लागत नसे. नाक्यावर नव्याने आलेल्याला विचारले जाई, ‘गाव कोणते?’ आणि ‘खाते कोणते?’ या दोन प्रश्नांच्या उत्तरावर माणसाची जागा ठरे. म्हणजे जागा तेथेही ठरतच होती, याकडे मी पुढे येणार आहे. पण तुमच्या वडिलांपाशी त्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे होती.

आता क्लबहाउसकडे या. तुम्ही लिहिता की ते दोन दिवस गेले आणि तिसऱ्या दिवशी गेले नाहीत. तेथे काय झाले, हे मात्र तुम्ही लिहिलेले नाही. मला वाटते, तुम्ही ते विचारलेलेच नाही. मी अशा अनेक ज्येष्ठ मंडळांत व्याख्यानांच्या निमित्ताने गेले आहे, आणि नव्याने आलेल्या गृहस्थांना तेथे पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी एकच असतो: ‘आपण कोठून रिटायर झालात?’ विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. कोणी बँकेतून, कोणी मंत्रालयातून, कोणी विमा कंपनीतून निवृत्त झालेले असतात. प्रत्येकापाशी एक तारीख असते, निरोप समारंभाचा फोटो असतो, हाती दिलेला नारळ असतो, आणि पुढच्या गप्पा पेन्शन, बढत्या आणि बदल्यांवर सहज जातात. तुमचे वडील कोठूनच निवृत्त झाले नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. त्यांतल्या हजारोंची नोकरी कोणत्या दिवशी संपली, याची तारीख त्यांनाही सांगता येत नाही. ज्या माणसाच्या नोकरीचा शेवट कोणी त्याला नीट सांगितला नाही, त्याने ‘कोठून रिटायर झालात’ या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? ‘टेक्स्टाइलमध्ये होतो’ असे तुम्ही त्यांच्या वतीने म्हणू शकलात. त्यांच्या तोंडून तो शब्द निघणार नाही, कारण त्यांनी उभ्या जन्मात गिरणीला टेक्स्टाइल म्हटलेले नसेल.

आणि गेट. ताई, ते बदली कामगार म्हणून लागले असे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. बदली कामगाराने रोज सकाळी पास घेऊन गिरणीच्या गेटवर उभे राहायचे असे. कायम कामगारांपैकी कोणी गैरहजर असला तर जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, त्याच्या जागी बोलावून घेई. नाहीतर त्या दिवसाची मजुरी बुडाली. तेथे उभ्या असलेल्यांचीच आपसांत दोस्ती होत असे, उसनवारी होत असे, गावाकडची बातमी कळत असे. संपात गेटसभा झाल्या त्या त्याच जागी. त्यानंतरची १४ वर्षे त्यांनी दुसऱ्या एका इमारतीच्या गेटवर काढली, आणि त्या पगारावर तुमची फी भरली गेली. मला त्यांना भेटायची संधी मिळालेली नाही. पण एवढे मला नक्की वाटते की गेट हा त्यांच्या आयुष्याचा खरा पत्ता आहे. तुमच्या टॉवरच्या आवारात त्यांना ओळखीची वाटावी अशी ती एकच जागा असेल.

कपांविषयी मला जास्त लिहायचे आहे, कारण तुमच्या सगळ्या पत्रात मला तेच वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटले. घरातले चांगले कप खाली नेतात, ही तुमची तक्रार आहे. जाड काचेचे ग्लास किंवा कागदी पेले नेले असते तर तुम्हाला, किंवा तुमच्या शेजाऱ्यांना, इतके खटकले असते का? आपल्याकडे खेळाची आणि विसाव्याची जागा एकत्र वापरायला लोक लवकर तयार होतात, पण पेला एकत्र वापरायला फार उशिरा. पळवणकर बाळू हे आपल्या देशातले पहिल्या पिढीतले थोर गोलंदाज. जातीने चांभार. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यावर ते मैदानाची देखभाल करीत आणि नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी करीत. त्यांची फिरकी पाहून हिंदूंच्या संघाने त्यांना आपल्यात घेतले, कारण त्यांच्यावाचून सामने जिंकता येईनात. पण चहापानाच्या वेळी उच्चवर्णीय सहकारी पॅव्हेलियनमध्ये कपांतून चहा पीत आणि बाळूंना तो बाहेर, वापरून टाकायच्या मातीच्या भांड्यातून दिला जाई. १९११ साली हाच माणूस भारतीय संघातून इंग्लंडला गेला आणि तेथे त्याने बळींची रास लावली. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सगळ्यांना चालत होता. पॅव्हेलियनची पायरी हीच खरी सीमारेषा होती, आणि ती कपाने आखलेली होती.

तुमच्या सोसायटीत कोणी जात विचारून कप वेगळा ठेवीत नसेल. पण वॉचमनचा कप बहुतेक घरांत वेगळा असतो, कामवाल्या बाईंचा कप वेगळा असतो, सर्व्हिस लिफ्ट वेगळी असते, आणि हे सगळे कोणी ठरवले हे कोणालाच सांगता येत नाही. तुमचे वडील एका साध्या कृतीने ती रेघ पुसतात. कमिटीला गप्पा खटकल्या असे नोटीस म्हणते. मला मात्र वाटते की एका फ्लॅटमधला माणूस केबिनच्या बाजूला बसतो, याने कोण रहिवासी आणि कोण नोकर हे चटकन कळेनासे होते, आणि खरी अस्वस्थता तीच आहे. लिफ्टमधल्या बाईंचा प्रश्नही त्याच गोंधळातून आला.

नोटिशीच्या दुसऱ्या वाक्याविषयी तुम्ही काहीच म्हटलेले नाही. ते जाता जाता लिहून तुम्ही पुढे गेलात. तेथे मी तुम्हाला थांबवते. घरकामगारांनी बाक वापरू नयेत, या नियमाचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो ते पाहा. एखादी बाई सकाळी सातला पहिल्या घरी येते. अकराला तिथले काम संपते आणि पुढचे घर साडेबाराला सांगते, कारण त्या घरातल्या बाईंची मीटिंग चालू असते. मधला दीड तास ती बाई कोठे जाईल? घर कळव्याला किंवा दिव्याला. जाऊन परत येणे शक्य नाही. ती जिन्यात बसते. जिन्यातही हटकले तर कचऱ्याच्या खोलीशेजारी बसते. बाग त्या वेळी रिकामी असते, झाडाखालचा बाक रिकामा असतो. त्या बाकाची कोणाला गरज नसतानाही तो नाकारला जातो, यावरून कळते की प्रश्न जागेच्या टंचाईचा नाही. कष्ट करणारे माणूस कष्ट करताना दिसलेले चालते, टेकलेले दिसले की डोळ्यांना खुपते.

बसण्याचा हक्क ही क्षुल्लक गोष्ट वाटत असेल तर केरळचे उदाहरण सांगते. तेथील कापडाच्या आणि दागिन्यांच्या मोठ्या दुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांना गिऱ्हाईक नसतानाही दिवसभर उभे राहावे लागे. त्यासाठी त्यांनी अनेक वर्षे लढा दिला, आणि २०१८ साली केरळने कायद्यात दुरुस्ती करून त्यांना बसायची सोय देणे बंधनकारक केले. २०२१ साली तामिळनाडूनेही तसाच कायदा केला. एका स्टुलासाठी विधानसभेपर्यंत जावे लागते, इतका हा प्रश्न खोल आहे. तुमच्या गेटवरचे लोक बारा तासांची ड्यूटी करीत असतील, तर त्यांच्यासाठी त्या केबिनमध्ये खुर्च्या किती आहेत, हे एकदा मोजून पाहा. तुमचे वडील बसतात ती खुर्ची त्यांच्यापैकीच एकाची नाही ना, हेही पाहा.

हे लिहिताना मी नाक्याचे गोडवे गात आहे असे कोणाला वाटू नये, म्हणून त्याची दुसरी बाजूही सांगते. गिरणगावाचा नाका पुरुषांचा होता. माझी आई डिलाइल रोडला खानावळ चालवीत असे. बावीस माणसांचे दोन वेळचे जेवण ती एका खोलीत रांधायची. पहिल्या पाळीचे डबे गेले, दुसऱ्या पाळीची माणसे जेवून गेली, की दुपारी चारच्या सुमाराला ती उंबऱ्यावर पाय पसरून बसायची, आणि तेव्हाही तिच्या मांडीवर निवडायच्या तांदळाचे सूप असायचे. हात रिकामे ठेवून बसलेली आई मला आठवत नाही. तिची सगळी मौज सार्वजनिक नळावरच्या पाऊण तासात होती. खानावळ चालवणाऱ्या अशा हजारो स्त्रिया सावकाराच्या व्याजात पिचत होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले तेव्हा कोठे त्यांना बँकेचे कर्ज दिसू लागले आणि एकत्र बसायला एक छप्पर मिळाले. पुरुषांच्या नाक्याविषयी गिरणगावात पोवाडे झाले. बायकांच्या उंबऱ्याविषयी कोणी काही रचले नाही.

जातही होतीच. साचेखात्यात पगार बरा असे, पण तेथे धोट्यात, म्हणजे साच्यावर आडवे सूत घेऊन पळणाऱ्या लाकडी नळीत, सुताची नवी कांडी भरली की सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि दलित कामगाराचे तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नसे. एवढ्याच कारणाने त्या खात्याचे दार दलितांना बंद होते. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. नाक्यावर ‘खाते कोणते’ असे विचारले जाई असे मी वर म्हटले. त्या प्रश्नातून पगाराबरोबर जातही कळत असे. तेव्हा तुमच्या वडिलांना गेटवर समानतेचे स्वर्गीय राज्य सापडले आहे, असे मी म्हणणार नाही. त्यांना तेथे स्वतःविषयी खोटे बोलावे लागत नाही, आणि माझ्या दृष्टीने तेवढे पुरेसे आहे.

तुमच्या आईविषयी पत्रात एकच ओळ आहे: ‘आईचा काही प्रश्न नाही, ती धाकटीला घेऊन बागेत बसते.’ ताई, त्या काकू बागेत बसल्या आहेत की कामावर आहेत? हातात नात आहे तोवर त्यांना बाकावर बसण्याचा परवाना आहे. उद्या त्या एकट्याच, नऊवारीचा काष्टा मारून, मिश्री लावीत त्याच बाकावर बसल्या तर लिफ्टमधल्या बाई काय विचारतील, याची कल्पना करून पाहा. वडिलांच्या काळजीत आईला विसरू नका. त्यांना लालबागला कोणाला भेटायचे असेल, एखादी जुनी शेजारीण, एखादे हळदीकुंकू, तर महिन्यातून एकदा मुलीला तुमच्याकडे ठेवून त्यांना एकटीला जाऊ द्या.

एक गोष्ट मला येथे सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण तुमच्या वडिलांच्या पिढीचे नुकसान त्यात आहे. मुंबईच्या गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर होती. १९९१ च्या विकास नियमावलीत असे ठरले होते की गिरणीची जमीन विकासाला काढली तर तिचे ढोबळमानाने तीन भाग व्हावेत: एक महापालिकेकडे, बागा आणि मैदाने यांसाठी, एक म्हाडाकडे, परवडणाऱ्या घरांसाठी, आणि एक मालकाकडे. २००१ साली नियम बदलला आणि ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीला लागू झाली. गिरण्यांच्या आवारात बहुतेक जागेवर शेड उभ्या होत्या, त्यामुळे वाटायला फारच थोडे उरले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. जेथे शेकडो एकरांची मैदाने होऊ शकली असती तेथे मॉल, उपाहारगृहे आणि टॉवर झाले, आणि टॉवरच्या आत क्लबहाउसे झाली. मॉलमध्ये जायला तिकीट नाही हे खरे. पण दारावरचा माणूस कोणाची पिशवी दोनदा तपासतो, ते कोणीही पाहावे. आत बसायला मिळते ते काहीतरी विकत घेतल्यावर. म्हणजे पूर्वी जी संध्याकाळ फुकट होती तिला आता एकतर पैसे मोजावे लागतात किंवा मेंटेनन्स भरणाऱ्याचा बाप असावे लागते. मुंबईत मरीन ड्राइव्हचा कठडा आणि शिवाजी पार्कचा कट्टा हे अजून तसे राहिले आहेत, जेथे तुम्ही कोण, असे कोणी विचारीत नाही. ठाण्यात तुमच्या बाजूला तलावपाळी आहे. रविवारी संध्याकाळी वडिलांना तेथे घेऊन जा आणि ते कोठे टेकतात, कोणाशी बोलू लागतात, ते नुसते पाहा.

आता तुमच्यापुढच्या अडचणीकडे येते, कारण नोटीस तर लागलेली आहे.

कमिटीचे म्हणणे सगळेच टाकाऊ नाही. ड्यूटीवरच्या माणसाचे लक्ष विचलित झाले आणि काही अनुचित घडले, तर दोष त्याच्यावर येईल. येथे तुम्हाला आणि वडिलांनाही एक अवघड गोष्ट समजून घ्यावी लागेल. वडिलांना वाटते की ते आपल्या माणसांत बसले आहेत. पण केबिनमधल्या त्या मुलांच्या लेखी ते आज ‘मॅडमचे वडील’ आहेत. ‘काका, आता उठा, साहेबांची गाडी येते आहे’ असे ते म्हणू शकत नाहीत. या बैठकीपायी नोटीस लागली ती वडिलांमुळे, आणि उद्या एजन्सीने कोणाची बदली केली तर ती त्या मुलाची होईल, तुमच्या वडिलांचे काहीच बिघडणार नाही. १४ वर्षे ज्याने ती नोकरी केली त्याला हे एका वाक्यात कळेल. फक्त ते तुम्ही सांगायला हवे, आणि ‘लोक काय म्हणतील’ या भाषेत सांगायला नको. ‘बाबा, तुमच्यामुळे त्या पोरांना बोलणी बसतील’ असे म्हणा. मग ते स्वतःच वेळ बदलतील. पाळी बदलते तेव्हा सुटलेली माणसे घरी जाण्याआधी दहा-पंधरा मिनिटे टेकतात. ती वेळ गप्पांची. बाकीचा वेळ केबिनपासून चार पावले दूर, झाडाखाली बसावे. खुर्ची हलवू नका असे मी वर म्हटले, आणि आता चार पावले दूर म्हणते आहे, हे मला कळते. तुमच्या लाजेसाठी ती एक इंचही हलू नये. त्या मुलांच्या नोकरीसाठी हलली तर चालेल, आणि हलवायची ती वडिलांनी.

कमिटीला मात्र लेखी पत्र द्या, आणि ते तुमच्या सहीने द्या, वडिलांच्या नव्हे. त्यात वडिलांची बाजू मांडत बसू नका. दोन मागण्या करा: गेटवर काम करणाऱ्यांसाठी धड खुर्च्या, पंखा, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह, आणि घरकामगारांवरची बाकांची बंदी मागे घेणे. पुढच्या सर्वसाधारण सभेत हे विषय घ्यावेत असे त्यात स्पष्ट लिहा. एकटीने हे करणे जड जाईल. तुमच्या मजल्यावर, तुमच्या ओळखीत, ज्यांचे वडील कंडक्टर होते, ज्यांची आई पोळ्या लाटत होती, अशी माणसे निश्चित असतील. टॉवरमधली अर्धीअधिक घरे अशाच कोणाच्या तरी कष्टांवर उभी असतात आणि सगळीच ‘टेक्स्टाइलमध्ये’ असल्यासारखे गप्प बसलेली असतात. एकाने बोलले की दुसरा बोलतो. सह्या पाच मिळाल्या तरी पुरे.

लिफ्टमधल्या बाईंना पुन्हा गाठून जुने उत्तर दुरुस्त करा असे मी म्हणणार नाही. त्यात उगाच नाटक होईल. पण तुमचा मुलगा दहा वर्षांचा आहे असे तुम्ही लिहिले आहे. त्याला आजोबांविषयी काय सांगितले आहे? लिफ्टमध्ये तोही तुमच्या शेजारी उभा होता का? असेल, तर त्याने आईचे उत्तर ऐकले आहे आणि आजोबा कोठे बसतात हेही तो रोज पाहतो. त्याचा घोळ मिटवणे तुमच्या हातात आहे आणि तेथे उशीर करू नका. साचा म्हणजे काय, धोटा कसा पळतो, एका विणकराला किती साचे सांभाळावे लागत, रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून वॉचमन काय करतो, हे सांगायला त्याच्या घरात जिवंत माणूस आहे.

क्लबहाउसमध्ये त्या दोन दिवसांत काय झाले, ते मात्र तुम्ही स्वतः विचारा. वर घरात, जेवणाच्या टेबलावर विचारू नका. तेथे ते ‘काही नाही गं’ म्हणतील आणि टीव्ही लावतील. कामावरून लवकर सुटाल त्या दिवशी खाली त्यांच्याशेजारी जाऊन बसा, शेजारपाजारचे येता-जाता पाहतील त्यांना पाहू द्या, आणि घाई न करता विचारा. चहा नेहमीप्रमाणे वडीलच आणतील. एक कप जास्त आणायला सांगा.